कॉर्टिसॉलचा रिपोर्ट घड्याळ बघून वाचायचा असतो

रिपोर्टवर लिहिलंय, कॉर्टिसॉल ६.२. हे रक्त सकाळी आठला काढलं असेल तर डॉक्टर पुढची तपासणी सांगतील. दुपारी चारला काढलं असेल तर बहुधा काही म्हणणार नाहीत. आणि रात्री बाराला, माणूस झोपेत असताना काढलेलं असेल, तर उलट दिशेची शंका येईल: इतक्या रात्री एवढं हार्मोन रक्तात कसं? आकडा तोच, अर्थ तीन. तरी आपल्याकडे हातात पडणाऱ्या बऱ्याच रिपोर्टवर रक्त नेमकं किती वाजता काढलं ते नसतंच. नमुना लॅबमध्ये पोचल्याची वेळ छापलेली असते.

बेळगाव जिल्ह्यात आणि आसपासच्या सीमाभागात हा घोटाळा जास्त होतो, कारण तपासणी एका गावात आणि मशीन दुसऱ्या गावात असते. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर रक्त घेतात, ते गाडीने मोठ्या लॅबला जातं. निपाणीची माणसं कोल्हापूर गाठतात, अथणीकडची मिरज-सांगली, खानापूरची बेळगाव. त्यामुळे एकाच पेशंटच्या फाइलमध्ये तीन लॅबचे, दोन प्रकारच्या एककांतले कागद जमा होतात. अ‍ॅड्रिनलच्या चाचण्यांत निम्मं काम सुई टोचण्याआधीच झालेलं असतं किंवा बिघडलेलं असतं. म्हणून हे सगळं पेशंटला आणि घरच्यांना आधी माहीत हवं.

ग्रंथी आणि तिचा मालक

अ‍ॅड्रिनल, म्हणजे अधिवृक्क, या दोन ग्रंथी मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या असतात. एकेकीचं वजन जेमतेम ४-५ ग्रॅम. बाहेरच्या भागात तीन थर. सगळ्यात वरचा थर अल्डोस्टेरॉन तयार करतो. ते शरीरात मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर काढतं. मधला थर कॉर्टिसॉल बनवतो. आजारपणात, उपासात, ऑपरेशनमध्ये साखर आणि रक्तदाब टिकतो तो याच्या जिवावर. तिसऱ्या थरातून पुरुषी गुणधर्माची हार्मोन निघतात. ग्रंथीचा गाभा मात्र वेगळाच: तो अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन सोडतो.

कॉर्टिसॉल किती बनवायचं ते ग्रंथी स्वतः ठरवत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच नावाचं हार्मोन पाठवते, तसं इकडे काम चालतं. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं झालं की पिट्युटरी गप्प बसते. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सरळ आहे. कॉर्टिसॉल कमी आणि एसीटीएच खूप जास्त, तर दोष अ‍ॅड्रिनलमध्येच. दोन्ही कमी, तर दोष वरच्या पिट्युटरीत, किंवा बाहेरून स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखं काम करणारं औषध, पोटात जातंय.

सकाळी आठचं रक्त

रात्री झोपणाऱ्या माणसात कॉर्टिसॉल पहाटेपासून चढतं, सकाळी आठच्या सुमारास शिखरावर असतं आणि मध्यरात्री तळाला जातं. म्हणून कमतरता शोधायची तर रक्त सकाळी ७ ते ९ च्या दरम्यानच. साधारण ५ ते २५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही सकाळची नेहमीची पातळी धरतात. लॅबप्रमाणे थोडा फरक पडतो. ३ च्या खाली आलं तर कमतरतेची शक्यता फार मोठी. १५-१८ च्या वर असेल तर कमतरता जवळपास नाहीच. मधल्या पट्ट्यात नुसत्या एका रक्तावर निकाल लागत नाही.

जांबोटी-कणकुंबीकडून निघणाऱ्या माणसाला नऊच्या आत बेळगावच्या लॅबमध्ये पोचणं सोपं नाही, पावसाळ्यात तर नाहीच. अशा वेळी आदल्या रात्री पाहुण्यांकडे वस्तीला यावं, किंवा साधं कॉर्टिसॉल जवळच्या तालुक्याच्या लॅबमध्येच वेळेवर द्यावं. ‘उपाशी आलोच आहे, अकरा तर अकरा’ म्हणून रक्त देऊन टाकू नये. लोकांची समजूत उलटी असते: या चाचणीला उपाशी राहणं तितकं सक्तीचं नाही, वेळ सक्तीची आहे. गाडी पकडायला धावत आला असाल तर वीसेक मिनिटं शांत बसा. ताप असेल, रात्रभर उलट्या झाल्या असतील तर ते आधी सांगा. आजारपणात कॉर्टिसॉल वाढणं हे शरीराचं कामच आहे.

रात्रपाळीवाल्यांचं वेगळं. गळीत हंगामात साखर कारखान्यात किंवा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत महिनाभर रात्रपाळी करणाऱ्याची ‘सकाळ’ घड्याळातल्या आठला नसते. त्याचं चक्र सरकलेलं असतं, आणि पाळी आठवड्याला बदलत असेल तर विस्कटलेलंच असतं. डॉक्टरांना पाळीची वेळ सांगा. तातडी नसेल तर काही दिवस दिवसपाळी आणि रात्रीची झोप झाल्यावर चाचणी केलेली बरी.

टेक्निशियनला रक्त काढल्याची वेळ नळीवर आणि फॉर्मवर लिहायला सांगा. आपणही मोबाइलमध्ये त्या नळीचा फोटो काढून ठेवा. पुढच्या डॉक्टरला तो रिपोर्टइतकाच उपयोगी पडतो.

पुडी, गोळी, मलम आणि इंजेक्शन

तोंड गोल झालंय, मानेमागे चरबीचा उंचवटा, पोटावर जांभळट रुंद पट्टे, कातडी कागदासारखी पातळ, साखर आणि बीपी वाढलेलं. दिसायला सगळं कॉर्टिसॉल जास्त झाल्यासारखं, आणि रिपोर्टमध्ये कॉर्टिसॉल येतं १! घरचे म्हणतात लॅब चुकली. लॅब चुकलेली नसते. हे माणूस बाहेरून स्टेरॉइड घेत असतं, आणि अशा बऱ्याच स्टेरॉइडना चाचणी कॉर्टिसॉल म्हणून मोजत नाही. शरीरात पुरेसं आहे असं समजून पिट्युटरी एसीटीएच पाठवणं थांबवते, आणि महिनोन्‌महिने काम नसलेली अ‍ॅड्रिनल ग्रंथी आक्रसते. जगात कुठेही अशी लक्षणं दिसण्याचं सगळ्यात मोठं कारण ग्रंथीतली गाठ नसून औषधातलं स्टेरॉइड हेच आहे.

अडचण अशी की बऱ्याच जणांना आपण स्टेरॉइड घेतोय हे माहीतच नसतं. गुडघेदुखीवर बाजाराच्या दिवशी मिळणारी बिनलेबलची पुडी, दम्यासाठी दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली बारीक पांढरी गोळी, वजन वाढावं म्हणून कुणी सुचवलेली गोळी, गोरं होण्याचं मलम, गजकर्णावर वर्षभर लावलेली तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब, खांद्यात किंवा गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन. यातलं काहीही असू शकतं. ‘आयुर्वेदिक आहे’ असं विकणाऱ्याने सांगितलं म्हणून पुडीत स्टेरॉइड नाही असं धरून चालू नये. अशा पुड्यांत ते मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. दोन-तीन दिवसांत चमत्कारासारखा आराम पडतो आणि बंद केलं की दुखणं दुप्पट होऊन येतं, ही त्याची खूण.

म्हणून चाचणीला जाताना घरातली सगळी औषधं, रिकामी पाकिटं, ट्यूब, पुड्यांचे कागद एका पिशवीत घालून न्या. नाव सांगण्यापेक्षा पिशवी दाखवणं सोपं. प्रेडनिसोलोन आणि हायड्रोकॉर्टिसोन मशीनला कॉर्टिसॉलसारखीच दिसतात, त्यामुळे ती घेतलेली असताना आकडा खोटाच जास्त येतो. डेक्सामेथासोन तसं दिसत नाही, पण खरं कॉर्टिसॉल दाबून टाकतं.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. हे वाचून पुडी किंवा गोळी आज रात्रीपासून बंद करू नका. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ स्टेरॉइड घेतलेल्या माणसाची स्वतःची ग्रंथी लगेच उठत नाही. कधी महिने, कधी वर्ष लागतं. एकदम बंद केलं तर रक्तदाब पडून जीव जाऊ शकतो. पुडी ओळखून, तिच्या जागी मोजलेली गोळी देऊन, हळूहळू कमी करणं हे डॉक्टरचं काम.

दाबून बघणे आणि उठवून बघणे

हार्मोन जास्त असल्याची शंका असेल तर ते दाबलं जातं का ते बघतात. रात्री ११ ते १२ च्या मध्ये डेक्सामेथासोन १ मिलिग्रॅम घ्यायचं. आपल्याकडे अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते, म्हणजे दोन गोळ्या. पाकीट बघून खात्री करा. दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते ९ ला कॉर्टिसॉल. निरोगी माणसात ते १.८ च्या आत येतं. त्याच्या वर राहिलं तर पुढे २४ तासांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल किंवा रात्री अकरानंतर लाळेतलं कॉर्टिसॉल बघतात. एका चाचणीवर कुणाच्याही कपाळी ‘कुशिंग’ (कॉर्टिसॉल जास्त होण्याचा आजार) हा शिक्का मारत नाहीत.

ही चाचणी फसते ती अशी: गोळी नऊला घेऊन माणूस झोपी जातो, किंवा विसरतो आणि पहाटे घेतो. फिटच्या फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन आणि टीबीच्या रिफाम्पिसिन या गोळ्या चालू असतील तर यकृत डेक्सामेथासोन इतक्या वेगाने संपवतं की सकाळपर्यंत ते उरतच नाही, आणि आकडा खोटाच वर राहतो. गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं, तेव्हाही एकूण आकडा फुगतो. म्हणून त्या साधारण सहा आठवडे आधी थांबवायला सांगतात.

कमतरतेची शंका असेल तर उलटं करतात. कृत्रिम एसीटीएचचं २५० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन देऊन ३० आणि ६० मिनिटांनी कॉर्टिसॉल मोजतात. हे इंजेक्शन भारतात सहज मिळत नाही, म्हणून बरेच डॉक्टर लांब पल्ल्याचं एसीटीएच स्नायूत देऊन तासाभराने रक्त घेतात. कॉर्टिसॉल १८ च्या वर गेलं की ग्रंथी ठीक मानायची, अशी जुनी रेघ. नव्या मशीनवर ती १४-१५ पर्यंत खाली आली आहे. म्हणजे कुठल्या लॅबचं मशीन, हे इथेही विचारावं लागतं.

आपल्या देशात अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी करणाऱ्या कारणांत टीबी अजून महत्त्वाचा आहे. पूर्वी टीबी होऊन गेलेला माणूस, वजन घटतंय, सारखा थकवा, उभं राहिलं की चक्कर, मीठ खावंसं वाटतंय, आणि तळहाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण काळपट होत चाललेत. अशा माणसाचं साधं सोडियम-पोटॅशियम आधी बघा. सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त, हे स्वस्तातलं पहिलं पाऊल तालुक्यातही होतं. टीबीचं औषध सुरू झाल्यावर असा पेशंट एकाएकी ढासळला तर रिफाम्पिसिनने उरलंसुरलं कॉर्टिसॉलही वेगाने संपवलं असण्याची शक्यता लक्षात घ्यावी लागते.

एक नमुना बर्फात, दुसरा बर्फाबाहेर

एसीटीएच नाजूक आहे. जांभळ्या टोपणाची, आधी गार केलेली नळी. रक्त घेतलं की लगेच बर्फात. थंड सेंट्रिफ्यूजमध्ये (नळी गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वेगळा काढायचा आणि गोठवूनच पुढे पाठवायचा. नळी टेबलावर तासन्‌तास राहिली तर एसीटीएच मोडतं आणि रिपोर्ट खोटाच कमी येतो. अ‍ॅड्रिनलचा दोष पिट्युटरीच्या माथी मारला जातो तो इथे. म्हणून कलेक्शन सेंटरवर सरळ विचारा: ‘इथे थंड सेंट्रिफ्यूज आहे का? प्लाझ्मा गोठवून पाठवता का?’ उत्तर नाही असेल तर हे एक रक्त बेळगाव, कोल्हापूर किंवा मिरजेच्या मोठ्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये जाऊनच द्या, बाकीची जवळ दिली तरी चालतील.

रेनिन हे मूत्रपिंडातून येणारं, अल्डोस्टेरॉन बनवायला लावणारं रसायन. त्याचं नेमकं उलट. ते बर्फात ठेवलं तर त्याचं निष्क्रिय रूप जागं होतं आणि आकडा खोटाच वाढतो. फिरवेपर्यंत ते खोलीच्या तापमानालाच ठेवायचं. दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच बर्फाच्या डब्यात गेले की एक बरोबर आणि एक बिघडलेला, हे ठरलेलं.

बीपीवाल्यांची चाचणी

तीन-तीन गोळ्या घेऊन बीपी उतरत नाही, किंवा पोटॅशियम वारंवार कमी येतं, किंवा चाळिशीच्या आत बीपी लागलं, तर अल्डोस्टेरॉन आणि रेनिन एकत्र मोजतात. उठून निदान दोन तास हिंडून-फिरून झाल्यावर, मग ५ ते १५ मिनिटं बसून रक्त द्यायचं. दंडाला पट्टा बांधून मूठ सारखी आवळू नका. त्याने नमुन्यातलं पोटॅशियम खोटं वाढतं. पोटॅशियम आधी भरून घ्यावं लागतं, आणि या चाचणीपुरतं मीठ तोडायचं नाही.

स्पायरोनोलॅक्टोन आणि एप्लेरेनोन साधारण चार आठवडे आधी थांबवतात, अर्थात डॉक्टर सांगतील तेव्हाच. अ‍ॅटेनोलॉल-मेटोप्रोलॉल रेनिन खाली ओढतात, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या वर नेतात. टेल्मिसार्टन चालू असूनही रेनिन दबलेलंच असेल तर शंका उलट पक्की होते.

उदाहरण घ्या. अल्डोस्टेरॉन १८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, रेनिन अ‍ॅक्टिव्हिटी ०.३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर प्रति तास. १८ भागिले ०.३, म्हणजे ६०. ३० च्या वरचं गुणोत्तर शंकास्पद, शिवाय अल्डोस्टेरॉन स्वतःही चांगलं वर आहे. पुढे जायला हवं. दुसऱ्या पेशंटचं अल्डोस्टेरॉन ५, रेनिन ०.१. भागाकार ५०, पण अल्डोस्टेरॉनच कमी आहे. नुसता भागाकार बघून घाबरायचं नाही. काही लॅब रेनिन वेगळ्या पद्धतीने आणि वेगळ्या एककात मोजतात, तिथे ३० ची रेघ लागूच होत नाही. ज्येष्ठमधाचा काढा किंवा चूर्ण महिनोन्‌महिने घेणाऱ्यांत बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं, आणि रेनिन-अल्डोस्टेरॉन दोन्ही कमी येतात. तेही सांगायला विसरू नका.

मिश्री लावून येऊ नका

अचानक धडधड, दरदरून घाम, डोकेदुखी आणि त्या वेळी भडकलेलं बीपी, असे झटके येत असतील तर ग्रंथीच्या गाभ्यातल्या गाठीसाठी रक्तातलं मेटानेफ्रिन, म्हणजे त्या गाभ्यातल्या हार्मोनचं मोडून झालेलं रूप, तपासतात. रक्त काढण्याआधी २० ते ३० मिनिटं आडवं पडून राहायचं आणि पडल्या-पडल्याच रक्त द्यायचं. खुर्चीत बसवून काढलेलं रक्त आकडा वाढवतं आणि नसती गाठ शोधायला माणूस स्कॅनच्या रांगेत जातो. त्या सकाळी चहा-कॉफी नको, तंबाखू नको.

निपाणी-चिकोडी भागात इथे खास विचारावं लागतं. ‘तंबाखू खाता का?’ म्हटलं की बाई नाही म्हणते, आणि ते तिच्या मते खरंच असतं. पण सकाळी उठल्या-उठल्या मिश्रीने दात घासलेले असतात. मिश्री भाजलेल्या तंबाखूचीच, तिच्यातलं निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जातं. विडी, गुटखा, तपकीर, मिश्री, प्रत्येकाचं नाव घेऊन विचारा. अमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्या आणि नाक मोकळं करणारी सर्दीची औषधं आकडा वाढवतात. काही पद्धतींत पॅरासिटामॉलही गोंधळ घालतं.

बाळाची टाच

जन्मतः अ‍ॅड्रिनलमधलं एक एन्झाइम कमी असलं की कॉर्टिसॉल बनत नाही, कच्चा माल तुंबतो आणि पुरुषी हार्मोनकडे वळतो. मुलगी असेल तर जननेंद्रिय वेगळं दिसून संशय येतो. मुलगा मात्र वरून अगदी ठीक दिसतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या, वजन घटणं, मलूल पडणं सुरू होतं. हा दोष आई-बाप दोघांकडून आला तरच आजार होतो, आणि दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक एवढी शक्यता असते. मामाच्या मुलीशी किंवा मामा-भाचीचं लग्न झालेल्या घरात, आधी एखादं तान्हं कारण न कळता गेलेलं असेल, तर ४८ तासांनंतर टाचेतून रक्त घेऊन १७-ओएच प्रोजेस्टेरॉन (हाच तो तुंबलेला कच्चा माल) आवर्जून तपासून घ्या. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळात ते खोटं जास्त येऊ शकतं, तेव्हा पुन्हा तपासतात.

मोठ्या मुलींत चेहऱ्यावर केस, पाळी अनियमित, अशा वेळी हीच चाचणी पाळीच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सकाळी करतात. २०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत असेल तर हा आजार बहुधा नाही. रिपोर्टवर ‘२’ बघून फारच कमी आहे म्हणू नका: तिथे प्रति मिलिलिटर लिहिलं असेल तर ते २०० च आहे.

एककं, पॅकेज आणि केसांच्या गोळ्या

कॉर्टिसॉल कुठे मायक्रोग्रॅममध्ये, कुठे नॅनोमोलमध्ये येतं. मायक्रोग्रॅमच्या आकड्याला २७.६ ने गुणलं की नॅनोमोल प्रति लिटर मिळतं: १० म्हणजे २७६. पाठपुराव्याच्या चाचण्या शक्यतो एकाच लॅबमध्ये करा.

केस-नखांच्या गोळ्यांत ५-१० मिलिग्रॅम बायोटिन असतं. काही मशीनवर ते कॉर्टिसॉल खोटं वाढवतं आणि त्याच वेळी एसीटीएच खोटं कमी करतं. म्हणजे नसलेल्या गाठीचं हुबेहूब चित्र. निदान तीन दिवस आधी बंद ठेवा.

‘अ‍ॅड्रिनल थकलीय’ असं सांगून विकली जाणारी पॅकेजेस घेऊ नका. तसं निदान वैद्यकशास्त्रात नाही, आणि कधीही काढलेल्या एका रक्तातल्या कॉर्टिसॉलने थकव्याचं कारण कळत नाही. त्या पैशांत हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर बघा.

रिपोर्टची वाट बघायची नाही अशी वेळ

स्टेरॉइडवर असलेला किंवा अ‍ॅड्रिनलची कमतरता ठरलेला माणूस उलट्या-जुलाब, ताप, अपघात यात बेशुद्धीकडे जायला लागला, बीपी पडलं, तर कॉर्टिसॉल-एसीटीएचचं रक्त काढून लगेच हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून, शीर मिळत नसेल तर स्नायूत, आणि सलाइन. रक्त काढायला उशीर होत असेल तर आधी इंजेक्शन. रिपोर्ट दोन दिवसांनी आला तरी चालतो. साध्या तापात रोजची हायड्रोकॉर्टिसोन दोन-तीन दिवस दुप्पट करतात. गोळी उलटून पडत असेल तर घरी थांबायचं नाही.

अशा पेशंटच्या खिशात एक कार्ड हवं, आणि सीमाभागात ते एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठीत हवं, औषधाचं नाव इंग्रजी अक्षरांतही. रात्री १०८ च्या गाडीत कोण असेल आणि गाडी कुठल्या दवाखान्यात नेईल ते आपल्या हातात नसतं. त्यावर आजाराचं नाव, रोजचा डोस, ‘हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ लगेच द्या’ ही ओळ, घरच्या माणसाचा नंबर आणि डॉक्टरांचा शिक्का. आधारकार्डाच्याच पाकिटात ठेवा, आणि एक फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर.